कोलकात्याचं सांडपाणी, एक इंजिनिअर आणि एक नकाशा
(एपिसोडचा लिखित मजकूर)

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल किंवा घरी लोळत असाल, फोनवर नकाशा उघडा. गाडी चालवत असाल तर अजिबात नको, घरी पोचल्यावर बघा. त्यात कोलकाता शोधा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. पश्चिमेला हुगळी नदी दिसेल. तिला चिकटून दाट, करड्या रंगाचं शहर दिसेल. आता बोट पूर्वेकडे सरकवा. सॉल्ट लेक ओलांडा, बायपासचा मोठा रस्ता ओलांडा. अचानक शहर संपतं आणि हिरव्या-निळ्या चौकोनी तुकड्यांची गोधडी सुरू होते. ती पार लांबपर्यंत जाते.

एवढ्या मोठ्या महानगराच्या इतक्या जवळ एवढी मोकळी जागा कशी काय राहिली? मुंबई-पुण्यात राहणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडेल. आपल्याकडे मोकळी जागा दिसली की सहा महिन्यांत तिथे 'लक्झरी २ बीएचके' चा बोर्ड लागतो.

आजचा एपिसोड या गोधडीबद्दल आहे. ही जागा काय काम करते, ते काम कागदावर कसं आलं आणि त्या कागदामुळे कोर्टात काय घडलं, याची ही गोष्ट. जाता जाता एक मोठा प्रश्नही आपण घेणार आहोत. जमिनीचं नेमकं काय करायचं हे ठरवताना निसर्गाच्या कामाचा हिशोब कसा मांडायचा? अभ्यासक याला 'परिसंस्था सेवा' म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा. झाडं, पाणथळ जागा, नद्या, माती आपल्यासाठी जी कामं फुकटात करतात, ती कामं.

उलटा उतार

आधी थोडा भूगोल. नदीकाठच्या शहराचं सांडपाणी कुठे जातं? नदीत. आपल्याकडे मुळा-मुठेचं काय झालंय ते आपण रोज नाक दाबून बघतोच. पण कोलकात्याचा मामला वेगळा आहे. तिथे जमिनीचा उतार हुगळीकडे नाही. तो नदीपासून दूर, पूर्वेकडे आहे. हुगळीने हजारो वर्षं काठावर गाळ टाकून टाकून स्वतःचा काठ उंच केला, आणि मागची जमीन सखल राहिली.

त्या सखल भागात खाऱ्या पाण्याची मोठमोठी तळी होती. विद्याधरी नावाची नदी भरतीचं पाणी तिथे आणून सोडायची. त्यामुळे या भागाला इंग्रज 'सॉल्ट लेक' म्हणायचे. त्यात खाऱ्या पाण्यातले मासे मिळायचे.

इंग्रजांनी कलकत्त्याला राजधानी केलं, शहर वाढलं आणि घाणही वाढली. १८५० च्या दशकात विल्यम क्लार्क या इंजिनिअरने शहराच्या भूमिगत गटारांची योजना आखली. पुढची साधारण वीस वर्षं हे काम चाललं. क्लार्कने उतार बघितला आणि सरळ ठरवलं, पाणी पूर्वेकडे न्यायचं, विद्याधरीत सोडायचं, ओहोटीबरोबर ते समुद्राकडे जाईल. शहराचा ओला-सुका कचराही त्याच दिशेला, धापा नावाच्या भागात जाऊ लागला. त्या कचऱ्यावर लोकांनी भाजीपाला पिकवायला सुरुवात केली.

पण विद्याधरी हळूहळू गाळाने भरत गेली. १९२८ मध्ये ती मृत नदी असल्याचं सरकारने जाहीर केलं. भरतीचं खारं पाणी येईना. खाऱ्या पाण्यातल्या माशांवर जगणारे लोक अडचणीत आले. त्यांच्या तळ्यांशेजारून काय वाहत होतं? शहराचं मैलापाणी.

मग १९३० च्या सुमारास काही मच्छीव्यावसायिकांनी एक धाडसी प्रयोग केला. हे मैलापाणी थोडं थोडं, बेताने आपल्या तळ्यांत घ्यायला सुरुवात केली. आणि मासे मेले नाहीत. उलट ते जोमाने वाढले. एकाचं बघून दुसऱ्याने केलं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. पुढे १९४० च्या दशकात कोलकाता महापालिकेचे इंजिनिअर बी. एन. डे यांच्या योजनेतून शहराचं सांडपाणी कालव्यांनी तीसेक किलोमीटर दूर कुल्टी नदीकडे नेण्यात आलं. त्या कालव्यांमुळे आणखी तळ्यांपर्यंत हे पाणी पोचायला लागलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही जागा म्हणजे माणसाचा हात न लागलेला निसर्ग नव्हे. मेलेली नदी, इंग्रजांची गटारं, देशी इंजिनिअरचे कालवे आणि बंगाली मासेवाल्यांचं डोकं, या सगळ्यांतून ती तयार झाली. 'निसर्गसेवा' म्हटलं की आपल्याला वाटतं की निसर्ग एकटाच राबतोय. बऱ्याच ठिकाणी त्याच्या शेजारी माणूसही राबत असतो आणि हिशोबात दोघंही नसतात.

पाण्याचा रंग ओळखणारी माणसं

हे चालतं तरी कसं? या तळ्यांना तिथे 'भेरी' म्हणतात. भेरी उथळ असते, बहुतेक ठिकाणी माणसाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत पाणी. हा उथळपणाच महत्त्वाचा, कारण ऊन तळापर्यंत पोचतं.

थंडीत भेरी रिकामी करून तळ सुकवतात. मग कालव्यातून सांडपाणी आत घेतात आणि काही दिवस तसंच ठेवतात. मैल्यातल्या सेंद्रिय पदार्थांचं जिवाणू विघटन करतात. त्यातून जी पोषकद्रव्यं सुटतात त्यांच्यावर उन्हात सूक्ष्म शेवाळ वाढतं. शेवाळ प्राणवायू सोडतं, तो जिवाणूंना लागतो. म्हणजे दोघं एकमेकांचं काम पुढे नेतात. पाण्यातले रोगजंतू ऊन आणि बदललेलं पाणी यांच्यामुळे मोठ्या प्रमाणावर मरतात. मग या शेवाळावर आणि बारीक जिवांवर मासे वाढतात. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया. काठ ढासळू नये म्हणून कडेने जलपर्णी लावून ठेवतात. हो, तीच जलपर्णी, जी आपल्या नद्यांमध्ये डोकेदुखी झालीय.

नंतर ठराविक दिवसांनी थोडं थोडं सांडपाणी आत घेत राहायचं. जास्त घेतलं तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. कमी घेतलं तर त्यांना खाणं पुरत नाही. हे प्रमाण कोण ठरवतं? तिथे काम करणारा माणूस. पाण्याचा रंग बघून, वास घेऊन, हाताने ढवळून. भेरीतून पुढे जाणारं पाणी शेतांना मिळतं. शिवाय धाप्याची भाजी आहेच.

शहराला घरबसल्या तीन गोष्टी मिळतात. सांडपाण्याची सफाई होते, ताटात मासा-भाजी येते आणि पावसाळ्यात जादा पाणी साठवायला जागा मिळते. आणि याचं बिल येत नाही. बिल येत नाही, म्हणूनच शहराला ही जागा दिसत नव्हती.

सरकारी फाइलमध्ये 'पडीक'

स्वातंत्र्यानंतर, फाळणीनंतर, कोलकात्यात माणसांचा पूर आला. घरं हवी होती, ही गरज खरीच होती. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी ठरवलं की पूर्वेच्या खाऱ्या तळ्यांवर भराव टाकून नवं शहर वसवायचं. १९६२ मध्ये काम सुरू झालं. युगोस्लाव्हियाच्या कंपनीने हुगळीतला गाळ उपसून, पाण्यात कालवून, पाइपलाइनने तळ्यांत टाकला. शहराचा आराखडाही युगोस्लाव्ह वास्तुविशारदाचा, डोब्रिवोये तोश्कोविच यांचा. हेच आजचं सॉल्ट लेक, म्हणजेच बिधाननगर.

बिधानबाबूंना दोष द्यायला मी बसलेलो नाही. त्यांच्यासमोरच्या कागदावर काय होतं ते बघा. एका बाजूला लाखो माणसांची घराची गरज. दुसऱ्या बाजूला 'दलदल'. दलदल काय काम करते याचा रकानाच त्या कागदावर नव्हता. ज्या कागदावर एकाच बाजूचा आकडा आहे, त्यावर निर्णय दुसरा होणार कसा?

१९८० च्या दशकात पूर्वेकडून बायपास रस्ता आला. रस्त्यामागे काय येतं हे तुम्हाला सांगायला नको. जमिनीचे भाव वर गेले. उरलेल्या भेरींकडे सगळे बघू लागले ते 'पुढचं सॉल्ट लेक' म्हणून.

कालव्याच्या मागे मागे

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस येतो. ध्रुवज्योती घोष. जन्म १९४७. शिक्षणाने इंजिनिअर, नोकरी पश्चिम बंगाल सरकारची, आणि पुढे कलकत्ता विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे काम आलं, ते शहराच्या सांडपाण्याचा पुनर्वापर कसा करता येईल हे बघण्याचं.

इंजिनिअरसमोर सोपा रस्ता होता. परदेशी तंत्रज्ञान बघायचं, सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं टेंडर तयार करायचं. घोष यांनी दुसरंच केलं. ते सांडपाण्याच्या मागे मागे चालत गेले. एवढ्या मोठ्या शहराचं पाणी नेमकं जातं कुठे, हे बघायला. आणि पोचले भेरींवर. जे काम करण्यासाठी ते योजना बनवणार होते, ते काम तिथे पन्नासेक वर्षं चालू होतं. वीज नाही, रसायनं नाहीत. उलट त्यातून उत्पन्न निघत होतं.

पुढची कित्येक वर्षं ते भेरीवरच्या माणसांकडून शिकत राहिले. शहर स्वस्तात जगतं कारण त्याला निसर्गाकडून अनुदान मिळतं, असा विचार त्यांनी मांडला. सरकार देतं तसं अनुदान, फक्त ते बजेटमध्ये दिसत नाही.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे. त्यांनी नकाशा काढला. सांडपाण्याचे कालवे कुठून जातात, कोणत्या भेरींना पाणी मिळतं, कुठे कचऱ्यावर भाजी पिकते, कुठे भेरीच्या पाण्यावर भात पिकतो, हे सगळं शोधून त्याभोवती एक रेषा ओढली. आत येणारी जागा भरली साधारण १२,५०० हेक्टर, म्हणजे १२५ चौरस किलोमीटर. अंदाज हवा असेल तर असं समजा, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची मुंबई दोनदा घेतली तर जवळपास एवढी जागा होईल. या भागाला एक नावही मिळालं, पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्र.

तुम्ही म्हणाल, नकाशात एवढं काय विशेष? विशेष हे की तोवर ही एक जागा नव्हती. ही भेरी अमक्याची, ते शेत तमक्याचं, असे सुटे सुटे तुकडे होते. एक तुकडा विकला गेला तर 'एकच तर गेला' असं म्हणता येत होतं. नकाशाने दाखवलं की हे एक यंत्र आहे आणि प्रत्येक तुकडा त्याचा भाग आहे.

१९९२, कलकत्ता उच्च न्यायालय

१९९० च्या सुरुवातीला राज्य सरकारला या भागातली २२७ एकर जागा विकासासाठी हवी होती. त्यात जागतिक व्यापार केंद्राची योजना होती. ऐकायला भारी. नोकऱ्या, गुंतवणूक, काचेच्या इमारती.

शहरातल्या नागरिकांच्या 'पब्लिक' या संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली. बनानी कक्कर या संस्थेच्या प्रमुख कार्यकर्त्या. न्यायमूर्ती होते उमेशचंद्र बॅनर्जी. आता कल्पना करा, कोर्टात काय अडचण येते. 'पाणथळ जागा वाचवा' म्हणणं सोपं, पण कोर्ट विचारणार, कुठली? सुरू कुठे होते, संपते कुठे? भावनेला सर्व्हे नंबर नसतो.

त्यावर उत्तर होतं घोष यांच्या नकाशाचं. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाने सरकारी कामातून बनवलेला नकाशा, आणि तो उपयोगी पडला सरकारच्याच योजनेच्या विरोधात.

२४ सप्टेंबर १९९२ ला निकाल आला. न्यायालयाने विकासाला विरोध केला नाही. विकास आणि पर्यावरण यांचा मेळ घालायला हवा, अशीच भूमिका घेतली. पण नकाशातल्या त्या क्षेत्रात जमिनीचा वापर बदलण्यावर बंदी घातली. रेषेच्या आत जे आहे ते तसंच राहील.

पुढे १९ ऑगस्ट २००२ ला हे क्षेत्र रामसर यादीत गेलं. रामसर म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार. रामसरच्या नोंदीत या जागेचा हिशोब असा दिलाय. रोज सुमारे १५० टन भाजी, वर्षाला सुमारे १०,५०० टन मासे, साधारण ५०,००० लोकांना थेट रोजगार. २००६ मध्ये राज्याने या क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा केला आणि प्राधिकरण नेमलं.

मग किंमत का नाही काढली?

इथे कुणीतरी म्हणेल, नकाशा, कोर्ट, एवढा खटाटोप कशाला? सरळ निसर्गाची किंमत रुपयांत काढा. बिल्डरचा आकडा एवढा, भेरीचा आकडा एवढा, मोठा असेल तो जिंकला.

हा विचारही जुनाच आहे, आणि गंमत म्हणजे त्यातली एक गाजलेली आकडेमोड कोलकात्यातलीच आहे. १९७९ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे प्राध्यापक टी. एम. दास यांनी एका झाडाची किंमत काढली. पन्नास वर्षं जगलेलं मध्यम आकाराचं झाड प्राणवायू, हवेची सफाई, मातीचं रक्षण, पाण्याचं चक्र वगैरे धरून १५ लाख ७० हजार रुपयांचं काम करतं, असं त्यांनी मांडलं. यात लाकडाची किंमत नाही. शाळेच्या भिंतींवर आणि वन विभागाच्या फलकांवर हा आकडा कितीतरी वर्षं झळकला.

१९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' मध्ये अख्ख्या पृथ्वीचा हिशोब मांडला. निसर्गाच्या सेवांची सरासरी किंमत वर्षाला ३३ लाख कोटी डॉलर. तेव्हा सगळ्या देशांचं मिळून वार्षिक उत्पन्न होतं सुमारे १८ लाख कोटी डॉलर. जगभर खळबळ उडाली, टीकाही झाली. टीका समजून घेण्यासारखी आहे. सगळी पृथ्वी काही कुणी विकायला काढलेली नाही. कुठल्याही कार्यालयात 'निसर्ग ठेवू की नको' असा प्रश्न येत नाही. तिथे प्रश्न येतो, ही २२७ एकर भरली तर काय जाईल? त्याचं उत्तर पृथ्वीच्या सरासरीतून मिळत नाही.

आपल्या देशात किंमत काढून निर्णय घ्यायचा प्रयोग जंगलांवर झाला. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवलं की जंगलाची जमीन दुसऱ्या कामासाठी घ्यायची तर तिच्या सेवांचं 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावं लागेल. २००८ मध्ये दर ठरले हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये. २०२२ मध्ये ते वाढून साधारण साडेनऊ लाख ते सोळा लाख झाले. दर ठरतो तो जंगलाचा प्रकार आणि घनता बघून.

काहीच न देता जंगल नेण्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. पण यातली मेख बघा. एकाच प्रकारचं, एकाच घनतेचं एक हेक्टर जंगल एखाद्या धरणाच्या वरच्या डोंगरउतारावर आहे, आणि दुसरं कुठल्याशा सपाट माळावर आहे. पहिलं तुटलं तर माती धरणात येणार, दरड खाली येणार. पण दराचा तक्ता दोघांना एकच भाव लावतो. आणि एकदा भाव लागला की मोठ्या कंपनीसाठी तो प्रकल्पखर्चातला आणखी एक रकाना होतो. पैसे भरा, पुढे चला.

भेरीच्या बाबतीत हेच बघा. तसंच उथळ तळं, तेवढंच शेवाळ, तेवढेच मासे, पण शंभर किलोमीटर लांब असेल तर ते शहराचं पाणी साफ करणार नाही. भेरीचं मोल ती महानगराच्या उताराला, कालव्याच्या कडेला आहे यात आहे. म्हणून मोल काढायच्या आधी नकाशा लागतो. सेवा कुठे तयार होते, कुठून वाहते आणि कुणाच्या घरी पोचते, हे आधी दाखवावं लागतं. मग रुपयांचा हिशोब करा, त्याला अर्थ येतो.

न्यू यॉर्कने तेच केलं. शहराला पाणी देणाऱ्या कॅट्स्किल डोंगरातलं पाणी खराब होऊ लागलं, तेव्हा दोन पर्याय होते. ६ ते ८ अब्ज डॉलरचा गाळणी प्रकल्प बांधा, किंवा सुमारे दीड अब्जात पाणलोट सांभाळा. १९९७ मध्ये शहराने वरच्या गावांशी करार केला आणि दुसरा पर्याय निवडला. आकडे कामी आले, कारण कुठल्या डोंगराचं पाणी कुठल्या नळाला येतं हे पक्कं माहीत होतं. आणि डोंगरातल्या गावांना वाटाघाटीत जागा मिळाली.

रेषा आहे, पण…

मग कोलकात्यात सगळं छान आहे? नाही.

रेषेच्या आत बांधकामं झाली. बायपासच्या बाजूने भराव पडत राहिले. भगवानपूर मौजात पाण्याखालची जागा किती वेगाने कमी झाली, हे उपग्रहचित्रांवरून झालेल्या अभ्यासांनी दाखवलंय. कायदा असतानाही ट्रकभर राडारोडा रात्रीत येऊन पडतो. हे आपल्याला नवीन नाही.

पण त्याहून बारीक अडचण वेगळी आहे. नकाशा जमीन वाचवतो. भेरी मात्र चालते ती पाण्यावर. कालव्याची पातळी पुरेशी उंच असेल तरच सांडपाणी आपोआप भेरीत उतरतं. पावसाळ्यात शहर तुंबू नये म्हणून पातळी खाली ठेवण्याचा आग्रह असतो. दोन्ही मागण्या खऱ्या. पण पातळी खाली गेली आणि कालवे गाळाने भरले की भेरी उपाशी. मासे कमी, उत्पन्न कमी. मग मजूर शहरात दुसरं काम शोधतो, मालक जमीन विकायचा विचार करतो. कागदावरची रेषा शाबूत, आणि आतलं यंत्र बंद. शिवाय पाण्याचा रंग ओळखणाऱ्या माणसाची मुलं ते काम करायला तयार नाहीत, कारण त्या कौशल्याला ना सर्टिफिकेट, ना पगारवाढ.

घोष शेवटपर्यंत हेच सांगत राहिले की ही जागा सांभाळायची तर तिथल्या माणसांचं जगणं सांभाळा. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 'ग्लोबल ५००' यादीत त्यांचं नाव आलं, २०१६ मध्ये पाणथळ जागांवरच्या कामासाठी लुक हॉफमन पुरस्कार मिळाला. १६ फेब्रुवारी २०१८ ला ते गेले.

आणि आपण?

ही गोष्ट मराठीत का सांगतोय? २६ जुलै २००५ आठवा. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा खूप लहान असतील, घरच्यांना विचारा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मिठी नदी, तिच्याकाठची दलदल, माहीमच्या खाडीची खारफुटी, हे सगळं आपल्या कागदांवरही कित्येक वर्षं 'भरायची जागा' होतं. ज्या जागा पाणी धरून ठेवायच्या तिथे भराव पडले होते, पाणी घराघरांत गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर बंदी घातली आणि राज्यातल्या खारफुटीचे उपग्रहाच्या मदतीने नकाशे करायला सांगितले. इथेही वाचवायचं ठरल्यावर पहिली गरज लागली ती नकाशाची.

२०११ मध्ये पुण्याच्या माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्यांनीही काय केलं? गुजरातपासून तमिळनाडूपर्यंतचा घाट साधारण नऊ-नऊ किलोमीटरच्या चौकोनांत विभागला आणि प्रत्येक चौकोन किती नाजूक आहे ते नकाशावर मांडलं. अंतिम निर्णय ग्रामसभांना विचारून घ्या, असंही सुचवलं. त्या अहवालावरून किती वाद झाले, तो एक वेगळा एपिसोड होईल. नक्की करू.

आज एवढंच सांगायचंय. एखाद्या जागेला 'पडीक' म्हणायच्या आधी विचारायला हवं, इथे येणारं पाणी पुढे कुठे जातं? इथे कोण काम करतं? उद्या इथे भराव पडला तर ते काम कोण करणार, आणि त्याचं बिल कुणाच्या नावाने येणार? घोष यांनी वेगळं काही केलं नाही. ते पाण्यामागे चालत गेले, तिथल्या माणसांना विचारलं आणि जे कळलं ते कागदावर काढलं. ते कागद कोर्टात तीसेक वर्षांपूर्वी पोचले, म्हणून तुमच्या फोनवर आज ती हिरवी-निळी गोधडी दिसतेय.

तर या आठवड्याचा गृहपाठ. नकाशा परत उघडा, या वेळी तुमच्या गावाचा. तुमच्या घरातलं सांडपाणी कुठे जातं, ते बोटाने शोधत जा. ओढा, नाला, तळं, खाडी, जे सापडेल ते. वाटेत एखादी मोकळी जागा दिसली तर तिथे एकदा प्रत्यक्ष जाऊन या आणि तिथल्या माणसाशी बोला. काय सापडलं ते आम्हाला व्हॉइस नोटने कळवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवू.

एपिसोड आवडला तर कोलकात्यात नोकरी करणाऱ्या मित्राला पाठवा. सॉल्ट लेकमध्ये राहत असेल तर नक्कीच पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!